सात नंबरची ऊब

१

मास्तर शाळेत शिकवायला कधी गेला नव्हता, शिकायलासुद्धा जेमतेमच गेला होता. पण गोदामातली चार्जिंगची खोली त्याच्या ताब्यात होती. तिथं तो कासवांना ओळीत उभं करायचा, कोण दमलंय आणि कोण नाटकं करतंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचा, म्हणून लोकांनी त्याला मास्तर करून टाकलं होतं. त्यालाही ते आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

कासवं म्हणजे गोदामातले रोबो. बुटके, चपटे, चाकांवर सरपटणारे. मालानं भरलेल्या मांडणीखाली शिरायचं, तिला पाठीवर उचलायचं आणि सांगितल्या जागी नेऊन ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. पोटातली बॅटरी ठरलेल्या टक्क्यांच्या खाली उतरली की कासव आपण होऊन चार्जिंगच्या खोलीत येतं आणि भिंतीतल्या खाचेत तोंड घालून उभं राहतं. किती टक्क्यांना परत फिरायचं, ते लिमिट मास्तर आपल्या हातातल्या टॅबवर ठरवायचा. त्याच्या एका बोटावर सगळी कासवं चालायची म्हणा ना!

गोदाम गोठवलेल्या मालाचं. कोल्ड रूममधून आलेल्या कासवाला लगेच वीज देता येत नाही. गारठलेल्या बॅटरीत वीज कोंबली तर ती आतून कायमची बिघडते, म्हणून चार्जर आधी निळा दिवा लावून नुसता थांबतो. बॅटरी खोलीच्या उबेला आली की दिवा हिरवा होतो आणि चार्जिंग सुरू. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. तेवढ्यात मास्तरचा चहा व्हायचा.

त्या सकाळी मास्तरचा चहा झाला, कप धुऊन झाला, तरी सात नंबरचा दिवा निळाच होता.

आता गंमत अशी, की सात नंबर आदल्या संध्याकाळपासून इथंच उभं होतं. रात्रभर हीटर चालू असलेल्या खोलीत! मास्तरनं गुडघे टेकून मागचं झाकण उघडलं आणि बॅटरीवर हात ठेवला. बॅटरी बर्फासारखी गार. हात झटकून मागे घेतला, तर तळव्याची साल ओढल्यासारखी झाली.

"सेन्सर गेला असणार," तो स्वतःशीच म्हणाला. सेन्सर जातात, त्यात काय मोठंसं. पण सेन्सर बिघडला तर आकडा चुकतो, माणसाचा हात कसा चुकेल, हे त्याचं त्यालाच कळत होतं. त्यानं झाकण लावलं आणि तळवा पँटला पुसत राहिला.

२

सात नंबरची गोष्ट वेगळी होती. दाजी त्याच कासवापाशी गेले होते.

दाजी म्हणजे मास्तरच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कोल्ड रूममधली नोकरी त्यांना मास्तरनंच लावून दिली. माणूस मोठा मिश्कील, थोडा आळशी, सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की जमिनीवर पालथा पडून घोरणारा. ताई ओरडायची, ते एक डोळा उघडून हसायचे आणि पुन्हा घोरायचे.

त्या आठवड्यात मालाची झुंबड उडाली होती. साहेब चार्जिंगच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "मास्तर, जरा ताणा की! ही तुमची कासवं सारखी खाचेतच दिसतात. माल काय मी डोक्यावर वाहू?"

कोल्ड रूमच्या कासवांचं लिमिट होतं चाळीस. ते मुद्दामच एवढं वर ठेवलेलं, कारण थंडीत बॅटरीचा आकडा थापा मारतो. वीस म्हणतो आणि पोटात दोन नसतात. हे मास्तरइतकं गोदामात कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांना नाहीच नाही. तोंड उघडून एकदा "नाही जमणार" म्हटलं असतं तर साहेब चार शब्द बोलले असते आणि निघून गेले असते. पण मास्तर हसला आणि त्यानं लिमिट पंधरावर आणलं.

सात नंबर कोल्ड रूमच्या दारातच मेलं. पाठीवर छतापर्यंत खोक्यांनी गच्च मांडणी, चाकं जाम. बाटलीला बूच बसावं तशी मांडणी दारात बसली. दाजी आत. वॉकीटॉकी बंद. पाळी बदलायची वेळ, सगळे चहाला गेलेले. दाजी सापडले तेव्हा ते कासवाच्या मागच्या बाजूवर पालथे पडले होते आणि अंगातलं जॅकेट त्यांनी काढलेलं होतं.

चौकशीवाले येण्याआधी मास्तरनं लिमिट पुन्हा चाळीस केलं. जुना आकडा कुठून पुसायचा तेही त्यालाच ठाऊक. त्यानं सांगितलं, "बॅटरी ठणठणीत आहे साहेब, बघून घ्या." मग कासव थांबलं कसं? कुणीतरी लाल बटण दाबल्याशिवाय थांबणार नाही. आत तर एकच माणूस होता. वॉकी बंद, जॅकेट काढून अंथरलेलं, माणूस पालथा. चौकशीवाल्यांना फार डोकं चालवावं लागलं नाही. कासव थांबवून कामावर झोपला होता, असं ठरलं आणि विषय मिटला.

बॅटरी ठणठणीत म्हटल्यावर ती बदलता येईना. बदलायची तर कारण द्यायला लागणार. म्हणून सात नंबर तिच्यासकट पुन्हा कामाला लागलं आणि रोज संध्याकाळी मास्तरच्या समोर येऊन उभं राहायला लागलं.

३

ताईनं मात्र ते मानलं नाही. रडली, जेवणावरून उठली, सगळं झालं. पण मानलं नाही.

"घरी झोपायचे, मान्य," ती भाजी निवडता निवडता म्हणायची. "पण तिथं? उणे वीसमध्ये? अरे, ह्यांना पंख्याखाली चादर लागायची!"

मास्तर मान खाली घालून पाणी प्यायचा. तो एकटा जीव, ताईकडेच जेवायचा. आई गेल्यापासून ताईनंच त्याला वाढवलं होतं. तिच्या हातचा घास तोंडात फिरायचा, उतरायचा नाही.

आणि एक दिवस तिनं सांगून टाकलं, "मी बोलले तुमच्या साहेबांशी. ह्यांच्या जागेवर मला घेतायत. सोमवारपासून."

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"मला बघायचंय, तिथं माणसाला झोप लागते का. मी स्वतः उभी राहून बघणार. लागत असेल तर गप्प बसेन. जन्मभर गप्प बसेन. नसेल लागत, तर ज्यानं हे त्यांच्या माथी मारलं त्याला मी सोडणार नाही."

मास्तरला ठसका लागला. ताईनं उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "सावकाश पी रे बाबा," ती म्हणाली.

त्याला त्या वेळी सांगता आलं असतं. कारण दाजींनी जॅकेट का काढलं, हे जगात एकट्या मास्तरला कळलं होतं. ह्याच स्वयंपाकघरात, ह्याच जागी बसून त्यानं एकदा फुशारकी मारली होती. "थंडीनं बॅटरी मरत नाही दाजी, आखडते. जरा ऊब दिली ना, की उठते आणि चार पावलं टाकते." दाजी म्हणाले होते, "म्हणजे माझ्यासारखीच की!" आणि ताईसुद्धा हसली होती. पण ती तेव्हा गॅसपाशी होती, तिनं सगळं ऐकलं नसावं.

दाजींनी ऐकलं होतं. जॅकेट काढून त्यांनी ते बॅटरीभोवती गुंडाळलं, वर स्वतः पडले, छातीची होती नव्हती ती ऊब त्या डबड्याला दिली. चार पावलं टाकली असती तर दार मोकळं झालं असतं. त्यांचा मेव्हण्याच्या बोलण्यावर विश्वास होता.

४

आता सात नंबरचं काय चाललं होतं ते ऐका.

चार्जरचा दिवा निळाच राहायचा, म्हणजे बॅटरीत काडीची वीज जात नव्हती. तरी कामाची हाक आली की सात नंबर खाचेतून निघायचं. आणि संध्याकाळी परत यायचं तेव्हा सकाळपेक्षा चार टक्के जास्त घेऊन यायचं. जास्त! मास्तरनं टॅब बंद करून चालू केला, दुसऱ्या टॅबवर बघितलं, डोळे धुऊन आला. आकडा तोच.

त्यानं एका दुपारी त्याचा माग काढला. जेवणाची सुट्टी होती, गोदाम शांत. मधल्या बोळात फक्त पंख्यांची घरघर. सात नंबर रिकाम्या पाठीनं सरपटत कोल्ड रूमच्या दारात जाऊन उभं राहिलं, तोंड बाहेर, मागचा भाग आत. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा त्याच्या पाठीवर लोळत होता. टॅबवर आकडा हळूच एकानं चढला. मग थांबला. मग पुन्हा एकानं.

चार्जर नाही, तार नाही, काही नाही. मास्तरनं कान दिला. पंख्यांच्या घरघरीखाली आणखी एक आवाज होता. गारठलेल्या हातांवर माणूस तोंडानं वाफ सोडतो ना, हाः... हाः... तसा. दमादमानं, कंटाळा न करता.

"कॉम्प्रेसर," मास्तर मोठ्यानं म्हणाला. कॉम्प्रेसर छतावर होता आणि आवाज गुडघ्याच्या उंचीवरून येत होता.

सात नंबर परत फिरलं तेव्हा त्याच्या पाठीवर पांढरं दव गोठलेलं होतं. फक्त मागच्या झाकणावर दोन हात रुंद जागा कोरडी, स्वच्छ. कडेला आणखी एक लहान गोल कोरडा. गाल टेकवला तर उमटेल एवढा. मास्तरनं खिशातलं फडकं काढलं आणि सगळी पाठ घाईघाईनं पुसून टाकली. पुसणं त्याला चांगलंच जमायला लागलं होतं.

५

ताई कामावर आली. डोक्याला लोकरी टोपी, अंगात पुरुषी मापाचं जॅकेट, बाह्या दुमडलेल्या. पहिल्याच दिवशी तिनं दोन लोडरांना कामावरून झापलं आणि तिसऱ्याला आपल्या डब्यातलं खायला घातलं. आठवडाभरात सगळं गोदाम तिला ताई म्हणायला लागलं.

दाजींच्या नंतर नियम झाला होता की कोल्ड रूमच्या दारावर एक माणूस कायम उभा राहील. थोडे दिवस तो राहिला. मग मालाची झुंबड आली आणि त्या माणसाला खोकी चिकटवायला बसवलं. आणि साहेब पुन्हा दारात आले.

"मास्तर, जरा ताणा की!"

"साहेब, सात नंबर तरी कोल्ड रूममधून काढू या," मास्तर म्हणाला.

"का? काय झालंय त्याला?" साहेबांनी टॅबवर बोट ठेवलं. "सगळ्यात उत्तम बॅटरी त्याचीच आहे. जातं त्यापेक्षा जास्त घेऊन येतं! बाकीच्यांना शिकवा जरा त्याच्याकडून." स्वतःच्या विनोदावर हसत ते थांबले. "काही बिघाड असेल तर सांगा, उघडून तपासू. मागचं पुढचं सगळं तपासू."

"नाही, तसं काही नाही."

"मग झालं तर!"

साहेब गेले. मास्तर टॅब मांडीवर घेऊन बसला. ताई आत काम करत होती. त्याचं बोट लिमिटच्या आकड्यावर होतं. तिथून हात काढायला काय लागतं? नुसता हात काढायचा. पण मागचं पुढचं सगळं तपासतील, ह्या एका वाक्यापायी त्यानं लिमिट पंचवीसवर आणलं. पंधरावर नाही आणलं, पंचवीसवर आणलं. एवढ्यावर त्यानं मनाची समजूत घातली. लाज वाटली, पण घातली.

६

दुपारी टॅब किंचाळला. सात नंबर. सव्वीस, आणि त्याच्या पुढच्याच क्षणाला शून्य. जागा : कोल्ड रूमचं दार.

मास्तर असा धावला की बोळात दोनदा आपटला. दारात मांडणी उभी होती, वरपासून खालपर्यंत खोकीच खोकी, आणि कडेला चार बोटांची फट.

"ताई! ताई गं!"

"ओरडू नको, इथंच आहे मी," आतून आवाज आला. "हे तुझं कासव दारातच मेलं बघ."

"वॉकी कुठाय तुझा?"

"मघाशी बंद पडला. थंडीनं आपोआप." मग एकदम म्हणाली, "म्हणजे तो आपोआप बंद पडतो होय रे?"

मास्तरनं फोर्कलिफ्टवाल्याला हाका मारल्या. तो पलीकडच्या टोकाला ट्रक उतरवत होता. येतो म्हणाला, पण मधला बोळ मालानं भरला होता, वाट करायला वेळ लागणार होता. मास्तरनं मांडणीला खांदा लावला. ती भिंतीसारखी उभी होती.

"आणि एक सांगते," ताईचे दात वाजत होते, पण आवाजात जोर होता. "इथं झोप लागत नाही. मी रोज बघितलंय. श्वास घेतला की नाकात सुया टोचतात. इथं कुणाच्या बापाला झोप लागणार नाही! ते झोपले नव्हते. कळलं? मी बाहेर आले की तुमच्या साहेबाला..."

तिचं बोलणं चाललं असतानाच मास्तरला चेन उघडल्याचा आवाज आला. जॅकेटची जाड चेन, गळ्यापासून खालपर्यंत.

"ताई, जॅकेट काढू नको! काही झालं तरी काढू नको!"

"मी कुठं काढतेय?" ताई म्हणाली. आणि मग ती गप्प झाली.

हाः... हाः...

टॅबवर शून्याचा एक झाला.

मास्तर पोटावर आडवा झाला. मांडणीच्या पायांतून, कासवाच्या कडेनं, पलीकडचं हातभर दिसत होतं. दव, लादी, ताईचे बूट, लांब, भिंतीला टेकलेले. आणि अलीकडे, मागच्या झाकणावर, लोकरी बाही. बाहीवर टेकलेला गाल. निळे ओठ झाकणाच्या फटीशी, फुंकर घालत असलेले. दोनचा तीन झाला.

त्याला एकच डोळा दिसत होता. तो उघडा होता, टक्क जागा होता आणि मास्तरकडे बघत होता.

मग कासवाच्या पोटात काहीतरी खटकन लागलं. चाकं फिरली. मास्तर कसाबसा बाजूला लोळला. सात नंबर मांडणीसकट चार पावलं बाहेर आलं आणि पुन्हा मेलं.

७

ताई भिंत धरून बाहेर आली. मास्तरनं तिला खोक्यावर बसवलं, तिचे हात आपल्या हातांत घेऊन चोळले. पडद्यापलीकडे काही नव्हतं, नुसता पांढरा उजेड आणि पंखे.

"मी पाहिलं," ती म्हणाली.

"काय?"

"पाठ माझ्याकडे होती. जॅकेट काढलेलं. पालथे पडले होते कासवावर, गाल टेकवून. सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर पडायचे ना, अगदी तसेच." ती आपल्या बुटांकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. "मी आत अडकलेय, आणि हे खुशाल पडलेत. एकदा मान वळवून बघितलं नाही रे माझ्याकडे."

"ताई..."

"म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते." तिनं वर बघितलं. "तुला ह्यातलं कळतं. तू सांगितलंस तर मी ऐकेन. झोपलेच होते ना ते?"

एक वाक्य पुरलं असतं. झोपले नव्हते ताई, तुला बाहेर काढत होते. ते ओठापर्यंत आलं, त्याची चवसुद्धा मास्तरला लागली. पण त्यामागून लगेच ताईचा पुढचा प्रश्न येणार होता, आणि त्याच्यामागून आणखी एक, आणि शेवटच्या प्रश्नाला तिनं त्याच्या हातातला आपला हात काढून घेतला असता. बोळाच्या टोकाला फोर्कलिफ्टचा भोंगा वाजला. मागून साहेब धावत येताना दिसले.

"हो, ताई," मास्तर म्हणाला.

ताईनं मान हलवली. त्याच्या केसांवरून एकदा हात फिरवला, टोपी काढली आणि फोर्कलिफ्टच्या दिशेनं चालू लागली. साहेबांनी काही विचारलं, तिनं त्यांना हात जोडले. भांडली नाही.

मास्तर दारात एकटाच उरला. गुडघ्याच्या उंचीवरचा तो आवाज बंद झाला होता. आता फुंकर नव्हती. बराच वेळ काहीच नव्हतं.

मग पडद्याच्या आत कुणीतरी जॅकेटची चेन खालून वर ओढली. सावकाश, गळ्यापर्यंत. आणि दवावरून बुटांची पावलं दाराकडे यायला लागली, काम संपलेल्या माणसाची.